मदत हवी आहे: शैक्षणिक कर्ज थकलंय, एजंट वडिलांना गाठतोय, आणि आता बहिणीचं कर्जही अडलंय

गोकुळशिरगाव_शिफ्ट२

नमस्कार मंडळी. इथं नुसता वाचायला येत होतो, आज पहिल्यांदाच लिहितोय. जरा लांबड लागंल, सांभाळून घ्या.

मी कागल तालुक्यातला. २०१७ ते २०२१ मेकॅनिकल केलं. एका सरकारी बँकेतून वर्षाला १,४०,००० असं चार वर्षांत ५,६०,००० उचललं. वडील सहकर्जदार. घर-जमीन काही तारण नाही. पास झालो तेव्हा कोरोनाची दुसरी लाट. वर्षभरानं शिरोलीत एका मशीन शॉपला १३,५०० वर लागलो आणि त्याच महिन्यात, जुलै २०२२ ला, हप्ता सुरू झाला. किती? १०,१५०. पगारातनं काय राहायचं ते तुम्हीच बघा. वडिलांनी ऊसबिलातनं हात दिला म्हणून १४ हप्ते गेले. ऑगस्ट २०२३ नंतर एकही नाही. त्यात शॉपची एक शिफ्ट बंद झाली, चार महिने घरीच होतो.

आता गोकुळ शिरगावला व्हीएमसी मशीनवर आहे, हातात २१,४०० येतात. बँकेत खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्जात गेलंय. येणे बाकी ८ लाख ७५ हजार दाखवतात. वसुलीवाला एजंट फोनवर म्हणतो, "सव्वापाच लाख तीन महिन्यांत भरा, फाइल बंद करतो." मला नाही, वडिलांना म्हणतो. परवा रात्री साडेनऊला फोन करून "सातबाऱ्यावर बोजा चढवणार, जप्ती आणणार" असं बोलला. गावात एकाकडं माझी चौकशी पण केली. आमचे आण्णा तेव्हापासनं नीट जेवलेले नाहीत.

आणि खरं दुखणं वेगळंच हाय. धाकट्या बहिणीचा कॅपमधून (सरकारी प्रवेश फेरीतून) बी. फार्मला नंबर लागलाय. ती कर्जाला गेली तर दुसऱ्या बँकेनं सांगितलं, वडिलांच्या सिबिलवर (कर्जफेडीच्या नोंदीवर) थकबाकी आहे, होणार नाही. माझ्यामुळं तिचं अडलं.

विचारायचं हे: सव्वापाच लाख उसनंपासनं करून भरून टाकू का? दीड एकर उसाची पहिली उचल (कारखान्याचा पहिला हप्ता) येईल, पण सोसायटीचं पीककर्ज कापून हातात नव्वद हजार राहिले तरी खूप. शेतकऱ्यांची कर्जमाफी होते तशी आमची काही होते का? मित्रानं व्हिडिओ पाठवलाय, दहा वर्षं सरकारी नोकरी केली की शैक्षणिक कर्ज माफ म्हणून.

कट्टेकरी_गंगावेश

भावा, टेन्शन घेऊ नको. तीन वर्षं गप बसायचं, फोन उचलायचा नाही, मुदत संपली की बँक काय बी करू शकत नाही. आमच्या गल्लीतल्या एकानं तसंच केलंय.

निवृत्त_कर्ज_विभाग

कट्टेकरी, तुमच्या गल्लीतल्या गृहस्थांना आज दुचाकीसाठी तरी कर्ज मिळतंय का, ते एकदा विचारून या.

शिफ्ट२, मी ३४ वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीच कर्जाच्या टेबलावर. आधी व्हिडिओचं सांगतो. तो अमेरिकेतला आहे. तिथं केंद्र सरकार स्वतः विद्यार्थ्यांना कर्ज देतं. सरकारी किंवा ना-नफा संस्थेत नोकरी करत १२० पात्र हप्ते भरले की उरलेलं माफ करायची तिथं योजना आहे. आपल्याकडं कर्ज बँकेचं, पैसा ठेवीदारांचा. महाराष्ट्रात २०१७ ची आणि २०१९ ची कर्जमाफी झाली ती शेतीकर्जाची होती, शैक्षणिक कर्जाला तिचा काही संबंध नाही. 'राइट ऑफ' हा शब्द बँकेत कानावर पडला तर त्यालाही भुलू नका. तो बँकेच्या वहीतला हिशेब असतो, तुमचं देणं तसंच राहतं. तारण नाही म्हणजे बहुधा तुमचं कर्ज केंद्राच्या पत हमी योजनेत असणार. त्यात थकलेल्या रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत बँकेला हमी मिळते. ती मिळाली म्हणून कर्जदार सुटला असं होत नाही.

आता मला एक सांगा. २०१७ ला वडिलांचा उत्पन्नाचा दाखला कितीचा होता?

गोकुळशिरगाव_शिफ्ट२

तहसीलदारांचा दाखला, ९६,००० चा. पहिल्या वर्षी बँकेत दिला होता. का हो काका?

निवृत्त_कर्ज_विभाग

कारण वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असलेल्या घरातल्या मुलाला, देशातल्या व्यावसायिक किंवा तांत्रिक शिक्षणासाठी, कोर्सचा काळ आणि पुढचं एक वर्ष एवढ्या मुदतीचं सगळं व्याज केंद्र सरकार भरत होतं. २००९-१० पासूनची ही व्याज अनुदान योजना, कॅनरा बँक तिची नोडल बँक, म्हणजे सगळ्या बँकांचे दावे तिच्यामार्फत. दावा शाखेनं लावायचा असतो. मुलांना माहीत नसतं, आणि खरं बोलायचं तर टेबलावरच्या माणसाची बदली झाली की शाखेलाही आठवत नाही.

हिशेब करा. साडेदहा टक्के सरळ व्याज धरलं तर पाच वर्षांत तुमच्या कर्जावर दोन लाखांच्या वर व्याज चढलं असणार. अनुदान पूर्ण मिळालं असतं तर हप्ता ५,६०,००० वर बसला असता. दहा वर्षांसाठी साधारण ७,५५०. पंधरा वर्षं मागितली असती तर ६,२०० च्या घरात. तुम्हाला १०,१५० लावलाय, म्हणजे व्याज मुद्दलात मिळवून दहा वर्षांवर बसवलाय. पंधरा वर्षांची मुदत बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत असते हे तुम्हाला कुणी सांगितलंच नसेल.

उद्या सुट्टी टाका आणि शाखेत जा. एजंटाला भेटू नका. पहिल्या दिवसापासूनचा खातेउतारा लेखी अर्ज देऊन मागा, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. उताऱ्यात 'सबसिडी' म्हणून जमा कुठं कुठं आहे ते बघा. ३० जून २०२४ नंतर दंडव्याज म्हणून काही लावलंय का तेही बघा. दंड आकारता येतो, पण दंडाचं व्याज करून त्यावर परत व्याज चढवणं रिझर्व्ह बँकेनं बंद केलंय. हे कागद हातात येईपर्यंत सव्वापाच लाख हा आकडा डोक्यातून काढा. आपण किती देणं लागतो हेच कळलेलं नसताना तडजोड कशाची करणार?

काळा_कोट_कसबा_बावडा

काकांचं बरोबर आहे. मी कायद्याचं बोलतो.

तुमची जमीन तारण नाही. सरफेसी या बँकांच्या वसुली कायद्यानं बँक थेट ताबा घेते ती तारण मालमत्तेचा, आणि शेतजमीन त्या कायद्यातून वगळलेलीच आहे. त्यामुळं एजंटानं बोजा चढवायची भाषा करणं ही निव्वळ दमदाटी. पण उगाच निर्धास्तही होऊ नका. रक्कम २० लाखांच्या आत आहे, म्हणजे बँक दिवाणी न्यायालयात दावा लावेल. हुकूमनामा (कोर्टाचा निकाल) झाला की तुम्ही आणि वडील दोघांच्या मालमत्तेवर ती जाऊ शकते. सहकर्जदार म्हणजे साक्षीदार नव्हे, देणं दोघांचंही पूर्ण.

मुदतीचं म्हणाल तर दाव्याला तीन वर्षं असतात हे खरं. म्हणूनच तुमच्या बाबतीत २०२६ च्या ऑगस्टआधी बँक दावा लावणार हे मी आज लिहून देतो. मध्ये एखादी रक्कम भरली किंवा लेखी कबुली दिली तर मुदत नव्यानं मोजली जाते. गप बसून काही साधत नाही, फक्त दाव्याचा खर्च अंगावर येतो.

तुरुंगाची भीती कुणी घातली तर सांगतो, कर्ज थकणं हा फौजदारी गुन्हा नाही. मात्र कोरे चेक कुणाला देऊ नका. चेक परत गेला की तो गुन्हा वेगळा, आणि खात्यातून हप्ता कापायचा आदेश देऊन तो पैशाअभावी परत गेला तरी तसाच प्रकार.

रात्री साडेनऊचा फोन: वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, चारचौघांत किंवा नातेवाइकांत बदनामी करायची नाही, असं रिझर्व्ह बँकेचं ऑगस्ट २०२२ चं परिपत्रक आहे. कॉलची नोंद जपा, बँकेच्या तक्रार विभागाला लिहा. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन तक्रार. फी नाही, वकील लागत नाही. (हे लिहून मी माझ्याच पोटावर पाय देतोय.)

कट्टेकरी_गंगावेश

बरं बरं, माझं चुकलं. पण सव्वापाचात मिटतंय तर वाईट काय? साडेतीन लाख सुटले की.

निवृत्त_कर्ज_विभाग

सुटले, पण सिबिलवर 'सेटल्ड' असा शिक्का बसतो, 'क्लोज्ड' नाही. ठरल्यापेक्षा कमी घेऊन मिटवलं हे पुढची प्रत्येक बँक वाचते. त्याच बँकेकडं परत कर्ज मागायचं तर किमान १२ महिने थांबावं लागतं, २०२३ पासून तसा नियम आहे. आणि हा शिक्का आण्णांच्या नावावरही बसतो. बहिणीसाठी ते पुन्हा सही करणार असतील तर हे महागात पडतं.

तरी तडजोड करू नका असं मी म्हणत नाही. व्याज इतकं चढलं असेल की हप्ता पेलणारच नाही, तर तडजोड हाच शहाणपणा असतो. पण सावकाराकडनं शेकडा तीननं काढून बँकेचं भागवणार असाल तर कृपा करून करू नका. ठरलंच तर बँकेच्या लेटरहेडवर, अधिकाऱ्याच्या सहीनं पत्र आल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही, आणि भरायचा तो कर्जखात्यातच. एजंटाच्या हातात किंवा त्याच्या फोनपेवर नाही.

दुसरी वाट म्हणजे पुनर्रचना. मुदत पंधरा वर्षांपर्यंत वाढवून मागा. नोकरी गेली होती त्या चार महिन्यांचा पुरावा असेल तर जोडा. बेकारीच्या काळात हप्ते थांबवायची तरतूद आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत आहे, फक्त ती वेळेत मागायची असते. खातं एनपीए झाल्यावर मॅनेजरचे हात थोडे बांधलेले असतात, क्षेत्रीय कार्यालयाची मंजुरी लागते.

गोळ्या_औषधं_ताई

दादा, बहिणीचं कुणी बोललंच नाही म्हणून मी लिहिते. मी फार्मसी कॉलेजात शिकवते.

कॅपमधून प्रवेश आहे ना? मग आधी हे बघा: ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं व्यावसायिक अभ्यासक्रमातल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत आहे. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) किंवा ओबीसी यांपैकी प्रवर्ग हवा. खासगी विनाअनुदानित कॉलेज असलं तरी चालतं, पण मॅनेजमेंट कोट्याला नाही. अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर. तुमचा प्रवर्ग तुम्ही लिहिलेला नाही. अनुसूचित जाती-जमातीचे असाल तर त्यांची शिष्यवृत्ती वेगळी आहे.

म्हणजे कदाचित तिला फीसाठी कर्जच लागणार नाही. राहणं, मेस, पुस्तकं एवढाच खर्च. आमच्याकडं दरवर्षी दोन-तीन मुली आधी कर्ज काढतात आणि मग नोटीस बोर्ड वाचतात.

काळा_कोट_कसबा_बावडा

ताईंना दंडवत. आणि तरीही कर्ज लागलंच तर सहकर्जदार वडीलच हवेत असं नाही, आई चालते. नकार मिळाला तर लेखी कारण मागा. विद्यार्थ्याचा सिबिल कमी आहे एवढ्यावरून शैक्षणिक कर्ज नाकारू नये असं केरळ उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये म्हटलंय. आपल्याकडं ते बंधनकारक नाही, आणि तुमच्यात अडचण वडिलांच्या सिबिलची आहे, पण अर्जाला जोडायला हरकत नाही.

गोकुळशिरगाव_शिफ्ट२

मंडळी, आठ दिवसांनी येतोय.

उतारा मिळाला, पण तीन हेलपाटे झाले. काका, तुमचा अंदाज खरा निघाला. अनुदान जमा फक्त पहिल्या वर्षाचं, १४,७००. पुढं चार वर्षं काही नाही. हप्ता सुरू होताना मुद्दल दाखवलंय ७ लाख ५१ हजार. नवीन मॅनेजर माणूस चांगला आहे. म्हणाले, फाइलला पुढच्या वर्षांचे दाखले नाहीत, म्हणून दावा गेला नसावा. मला कुणी मागितलेच नव्हते. लेखी दिलंय, पोच घेतलीय. रात्रीच्या फोनची पण तक्रार केलीय, तेव्हापासनं एजंट गप हाय.

बहिणीचं महाडीबीटीवर भरलं. आम्ही कुणबी, ओबीसी दाखला आहे. कॉलेजनं फीची सक्ती केलेली नाही. ताई, तिनं तुम्हाला थँक्यू सांगितलंय.

आणि कालच डिसेंबरच्या राष्ट्रीय लोकअदालतीची नोटीस आलीय, बँकेचीच. जायचं का? आण्णा म्हणतात, कोर्टाची पायरी नको.

निवृत्त_कर्ज_विभाग

जायचं. जुन्या वर्षांचं अनुदान आता परत मिळेल असं मी म्हणणार नाही, त्या दाव्यांना मुदती असतात. पण दावा न लावणं ही शाखेची चूक आहे आणि तडजोडीच्या टेबलावर तेच तुमचं वजन. सुमारे एक लाख नव्वद हजारांचं अनुदान आणि त्यावर तीन वर्षं चढलेलं व्याज वजा करा, मग बोलू, असं सांगा. उतारा, दाखला, पोच, पगाराची स्लिप, सगळं एका फाइलीत. तक्ता करून द्या, तोंडी हिशेब तिथं कुणी ऐकत नाही.

काळा_कोट_कसबा_बावडा

लोकअदालतीत जबरदस्ती नसते. नाही पटलं तर सही न करता घरी या. पण सही केली की तो निवाडा हुकूमनाम्यासारखाच, त्यावर अपील नाही. म्हणून पेलेल तेवढंच कबूल करा. तीन महिन्यांत एकरकमी नाही जमत म्हणून स्पष्ट सांगा, हप्ते मागा. उचल आली की नव्वद हजार आणि पुढं महिन्याला सात-साडेसात हजार, असं काहीतरी तुम्हाला झेपेल. निवाड्यात हप्त्यांच्या तारखा लिहून घ्या, आणि खातं कसं बंद दाखवणार तेही.

गोकुळशिरगाव_शिफ्ट२

आण्णांना न्यावंच लागेल का? ते घाबरलेत लई.

काळा_कोट_कसबा_बावडा

सहकर्जदार आहेत, सही त्यांचीही लागेल. अर्धा तास आधी या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस कोर्टाच्या आवारातच आहे, तिथं विचारलंत की पॅनेल कुठलं ते सांगतात. मी त्या दिवशी तिथंच आहे, इथं निरोप टाका. आण्णांना आधी गेटबाहेर चहा पाजू, मग आत नेऊ.