भरपाई दिली गेली, पण कोणाला?

ऐतिहासिक अत्याचारांची भरपाई राष्ट्रांनी द्यावी का, हा विषय निघाला की पहिला आक्षेप ठरलेला: 'ते सगळे कधीच मेले, आता कशाला उकरून काढता?' हैतीचा इतिहास वाचल्यावर मला हा आक्षेप पटेनासा झाला. फ्रान्सच्या या कॅरिबियन वसाहतीतल्या गुलामांनी लढून १८०४ मध्ये स्वातंत्र्य मिळवलं. १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून त्यांच्याकडेच १५ कोटी फ्रँक मागितले. कशाचे, तर मळेवाल्यांच्या नुकसानीचे! १८३८ मध्ये रक्कम ९ कोटींवर आली, पण ती फेडायला काढलेल्या कर्जांचं ओझं १९४७ पर्यंत उतरलं नाही.

ब्रिटननेही १८३३ च्या कायद्याने गुलामगिरी रद्द करताना २ कोटी पौंड दिले, ते मालकांना. सुटलेल्यांच्या हाती छदामही नाही, वर 'उमेदवारी'च्या नावाखाली बहुतेकांना आणखी काही वर्षं त्याच मालकांकडे राबावं लागलं.

प्रतिसाद (विरोधात)
हैतीचं मान्य. तिथे कोणी, कोणाला, किती दिले याचा हिशेब आहे. पण सगळीकडे तसं कुठे असतं? जर्मनीने १९५२ मध्ये इस्राएलला ३ अब्ज मार्क कबूल केले, तेव्हा छळछावण्यांतून वाचलेले लोक हयात होते. अमेरिकेने १९८८ च्या कायद्याने, महायुद्धात डांबलेल्या जपानी वंशाच्या लोकांना प्रत्येकी २० हजार डॉलर दिले, तेही हयात असलेल्यांनाच. दोनशे वर्षांपूर्वीच्या पापाचे पैसे आजच्या करदात्याने का भरावेत? त्यातले कित्येक तर निर्वासितांची मुलं.

शिवाय पैसे पोचतात कोणाकडे? जर्मनीने २०२१ मध्ये नामिबियासाठी, म्हणजे आपल्या जुन्या आफ्रिकी वसाहतीसाठी, ३० वर्षांत १.१ अब्ज युरो देऊ केले. ज्यांच्या पूर्वजांची १९०४ ते १९०८ मध्ये कत्तल झाली, त्या हेरेरो आणि नामा लोकांच्या अनेक प्रतिनिधींनीच त्याला विरोध केला. बोलणी दोन सरकारांत झाली, आम्हाला बाजूला ठेवलं, ही त्यांची तक्रार.

धागाकर्ता
करदात्याचं म्हणता? मालकांना पैसे देण्यासाठी काढलेलं ते ब्रिटिश कर्ज २०१५ मध्ये पुरतं फिटलं. तोवर कॅरिबियन बेटांवरून आलेल्या कुटुंबांचा, म्हणजे त्याच गुलामांच्या वंशजांचा, करही त्यात जात होता. तेव्हा 'आमचा काय संबंध' म्हणायची सोय कोणाला होती? जुनं देणं सरकार पिढ्यान्‌पिढ्या फेडतं, मग जुना अन्याय तेवढा मुदतबाह्य कसा?

नामिबियाबद्दल मात्र तुमचं खरं आहे, पूर्ण खरं.

प्रतिसाद (आणखी एक)
न्यूझीलंड पाहा. १८६० च्या दशकात जप्त केलेल्या जमिनींबद्दल १९९५ मध्ये वायकाटो-टाइनुई या माओरी (तिथल्या मूळ रहिवाशांच्या) जमातीशी तडजोड झाली: १७ कोटी न्यूझीलंड डॉलरचं मोल, त्यात परत दिलेल्या जमिनी, आणि कायद्यातच लिहिलेली माफी. राणी एलिझाबेथने त्या कायद्यावर तिथे जाऊन स्वतः सही केली. बोलणी थेट जमातीशीच झाली होती.

प्रतिसाद (विरोधात)
तिथे जमीन ठाऊक होती, वारस ठाऊक होते. असा दावा असेल तर माझा विरोध नाही. सरसकट 'राष्ट्रांनी द्यावं' याला अजून आहे. हैतीचे पैसे मात्र फ्रान्सने परत करावेत, तसं निवेदन काढलंत तर माझीही सही घ्या.