'सकर' माशाला मराठीत काय म्हणावं?

टिपूर: ओरेगॉनमधल्या अप्पर क्लॅमथ तळ्यावरचा मजकूर मराठीत करायचा आहे. त्यात दोन मासे आहेत, लॉस्ट रिव्हर सकर आणि शॉर्टनोज सकर. दोन्ही १९८८पासून अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत. 'शोषक मासा' वाचून जळू आठवते, आणि नुसतं 'सकर' ठेवलं की लोकांना उजनीतला सकर वाटतो.

दगडफूल: उजनीतला सकर दक्षिण अमेरिकेतला, मांजरमाशांपैकी. अंगावर हाडाचं चिलखत, ओठांनी दगडाला चिकटतो. क्लॅमथवाले रोहू-कटल्याच्या गणातले, चिकटत वगैरे नाहीत. म्हणून 'चूषक'सुद्धा नको. चूषक म्हणजे पट्टकृमीच्या डोक्यावरचा अवयव.

अमोघ_वा: 'अधोमुख' घ्या. कुळाचं नाव कॅटोस्टोमिडी. ग्रीकमध्ये काटा म्हणजे खाली, स्टोमा म्हणजे तोंड. तयार संस्कृत शब्द असताना इंग्रजी कशाला?

दगडफूल: शॉर्टनोजचं तोंड जवळपास समोरच उघडतं. पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी गाळून खातो तो. ज्याच्यासाठी शब्द शोधताय त्यालाच लागू नाही.

चोष्य: भक्ष्य, भोज्य, लेह्य, चोष्य. 'चोखणे' त्या चोष्यातूनच आलं असणार. 'चोख्या' म्हणा, फर्मास आहे. आपल्या मल्या माशाचं नाव साइक्सनं १८३९ साली शास्त्रात नेलंच की, गारा मुल्या!

टिपूर: मल्या वेगळ्या कुळातला. बरं, दुसरा अडसर 'रिक्रूटमेंट'चा, म्हणजे पिल्लं वाढून मोठ्या माशांत सामील होण्याचा. 'भरती' म्हटलं की समुद्र नाहीतर पोलीस.

दगडफूल: तिथे तर सगळी गोम आहे. मासे वसंतात विल्यमसन नदीत आणि तळ्याच्या पूर्व काठच्या झऱ्यांवर खडीत अंडी घालतात. नदीतलं जिरं, म्हणजे अंड्यातून नुकती निघालेली पिल्लं, रात्री प्रवाहाबरोबर तळ्यात उतरतं, पुढे बोटाएवढी बोटुकली दिसते, आणि दोन वर्षांची व्हायच्या आत जवळजवळ सगळी नाहीशी होते. हल्लीचे मोठे मासे बहुतांश १९९०च्या दशकाच्या सुरुवातीचे. लॉस्ट रिव्हर सकर पन्नाशी ओलांडतो, म्हणूनच गाडं अजून चाललंय. ज्वालामुखीच्या मातीतला फॉस्फरस, त्यात शेती-गुरांची आणि कोरड्या केलेल्या पाणथळींची भर. त्यावर उन्हाळ्यात नीलहरित शेवाळ माजतं. पाण्याचा सामू (पीएच) नऊच्या वर गेला की अमोनियाचं विषारी रूप वाढतं, आणि शेवाळ मेलं की कुजताना प्राणवायू संपतो. १९९५, ९६, ९७ अशी लागोपाठ तीन वर्षं मोठ्या माशांचे खच पडले. पण बोटुकली तशी मर नसलेल्या वर्षीही टिकत नाही, आणि त्याचं एकच एक कारण हाती लागलेलं नाही. तेव्हा 'प्रजनन घटलं' लिहू नका. अंडी भरपूर आहेत, वयात येणारे नाहीत.

अमोघ_वा: मग 'प्रौढप्रवेश'.

चोष्य: हे काय, शाळेचा दाखला? 'नवी पिढी जोडली जात नाही' एवढं पुरे.

मीनल_के: तिथल्या मूळ रहिवासी क्लॅमथ लोकांची नावं आहेत ना, लॉस्ट रिव्हरसाठी च्वाम आणि शॉर्टनोजसाठी कोप्टू. त्यांनी स्वतःची मासेमारी १९८६ सालीच बंद केली, यादीच्या आधी. नाव त्यांचंच ठेवा.

अमोघ_वा: कोप्टूचं अनेकवचन काय करणार?

चोष्य: लाडूचं करता तेच.

टिपूर: आणि 'पिट टॅग'ला 'बिल्ला' चालेल?

दगडफूल: नाही. बिल्ला वरून दिसतो. हा तांदळाएवढा, सुईनं शरीरात सोडलेला, बॅटरी नसलेला. नदीतल्या अँटेनावरून मासा गेला की क्रमांक उमटतो. हेच मासे असलेल्या क्लिअर लेक तलावाच्या बेटांवर पेलिकनांच्या विणीच्या जागा यंत्रानं धुंडाळतात तेव्हाही हे टॅग सापडतात, मासा पोटात गेल्यावर. 'टॅग'च राहू दे.