वेंगुर्ला रॉक्स: नुसता कातळ राखायचा की पाणीही?

कातळसडा: सिंधुदुर्गच्या किनाऱ्यापासून साधारण १४ किमीवरचे हे खडक आणि भोवतालचा समुद्र मिळून अभयारण्य व्हावं, असं माझं ठाम मत. गुहांत भारतीय पाकोळीची (स्विफ्टलेट) वसाहत आहे, वर कातळावर सुरय (टर्न, समुद्रपक्षी) वीण घालतात. पाकोळी एका विणीला दोनच अंडी घालते. चोरानं तिचं लाळेचं घरटं विकायला खरवडून नेलं तर ती पुन्हा बांधते, पण त्यात आठवडे जातात आणि पिल्लं पावसात सापडतात. सीआरझेड-१अ मध्ये (किनारा नियमनातला सर्वांत संवेदनशील पट्टा) पक्ष्यांची वीणस्थळं आहेतच, पण तो नियम बांधकामासाठी. गुहेत शिडी लावणाऱ्याला तो काय अडवणार?

तांडेल_निवती: कातळ घ्या, पाणी सोडा. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं. नियम आधी आले, मच्छीमारांशी बोलणं नंतर. म्हणून विरोध अजून मिटलेला नाही. आणि घरटी काही जाळ्यातून जात नाहीत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौका बंद, उधाणात खडकावर उतरणंही अवघड. राखण लागते ती फेब्रुवारीअखेरपासून मेअखेरपर्यंत. गावातली दोन-दोन माणसं आळीपाळीनं, व्हीएचएफ रेडिओ, पाण्याचे कॅन आणि वेळेवर पगार. पगार तीन महिने रखडला की राखणदार गेला, एवढं साधं गणित आहे.

कातळसडा: पण अधिकार नसलेला राखणदार बोट उतरताना बघत बसणार!

कलम_वाचक: दोघांचंही जमेल. सागरी हद्द घ्यायची तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २६अ नुसार केंद्राची संमती, नौदलाच्या मुख्य जलसर्वेक्षकाशी सल्लामसलत आणि स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं रक्षण, हे सगळं लागतं. त्यात वर्षं जातील. संवर्धन राखीव क्षेत्र (कलम ३६अ) सोपं वाटतं, पण तिथे कलम २७(१) लागूच होत नाही, म्हणजे प्रवेशबंदी नाही. इथे तर तीच हवी आहे. म्हणून भरतीरेषेच्या वरचा कातळ तेवढा अभयारण्य करा. खडकावरच्या दीपगृहाचे कर्मचारी सरकारी कामावर असल्यानं त्यांना अडचण नाही.

तांडेल_निवती: भरतीरेषेवर थांबत असाल तर माझी हरकत नाही. हे अधिसूचनेत लिहून द्या, तोंडी नको.

घूसमार: कागद झाला तरी उंदीर उतरला तर सुरयांची अंडी संपली. सामानाची प्रत्येक बोट ही त्याची वाट. धान्य, चटई, दोर, सगळं झाकणाच्या पिंपातून न्या आणि किनाऱ्यावरच उघडून तपासा. गोणी नकोत. उंदीर आलाय का ते कळायला खडकावर खोबऱ्याच्या वासाच्या मेणाच्या वड्या ठेवा. दर फेरीला दातांच्या खुणा बघा. उंदराच्या दोन समांतर चरी असतात, खेकड्याचे नुसते टवके. काळा उंदीर सापडलाच तर विषाच्या पेट्या २५ मीटरच्या आतच, अंतर वाढवलं तर मधल्या मादीला विष मिळत नाही. एवढं करूनही ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड होव बेटावर २०१९ च्या मोहिमेनंतर २०२१ मध्ये उंदीर पुन्हा दिसले.

कातळसडा: विष नको. मेलेला उंदीर समुद्री गरुडानं खाल्ला तर?

घूसमार: म्हणूनच पेटी बंद, तोंड अरुंद, मेलेले रोज उचलायचे. तरी थोडा धोका राहतोच. त्यापेक्षा पिंपं स्वस्त.

तांडेल_निवती: पर्यटकांच्या बोटीतले डबे कोण तपासणार? त्यांचं उतरणंच बंद करा, लांबून बघू देत.