केंटकीची तटस्थता, १८६१: डावपेच, भीती की गुलामांवरचा मालकी हक्क?

ओहायोकाठ
अमेरिकेच्या यादवी युद्धात (उत्तरेची युनियन विरुद्ध फुटून निघालेली दक्षिणेची कॉन्फेडरसी) सीमेवरची केंटकी आधी तटस्थ राहिली, याला सर्रास भित्रेपणा म्हटलं जातं. मला ते साफ अमान्य आहे. एप्रिल १८६१ मध्ये लिंकनने राज्यांकडे ७५,००० सैनिक मागितले, तेव्हा गव्हर्नर मॅगॉफिनने एकही माणूस द्यायला नकार दिला. मे महिन्यात तटस्थता जाहीर झाली. त्या घडीला स्टेट गार्ड, म्हणजे राज्याची स्वतःची फौज, सायमन बकनरच्या हाताखाली होतं आणि त्यातले बरेच जण दक्षिणेकडे झुकलेले. युनियनवाल्यांकडे शस्त्रंच नव्हती. तटस्थतेच्या आडोशाने त्यांनी होम गार्ड नावाची आपली पथकं उभी केली आणि विल्यम नेल्सनने त्यांच्यासाठी ५,००० बंदुका आणवल्या. जूनमध्ये काँग्रेसच्या १० पैकी ९ जागा त्यांनी जिंकल्या, ऑगस्टमध्ये राज्याच्या कनिष्ठ सभागृहात १०० पैकी ७६. त्याच महिन्यात कँप डिक रॉबिन्सनला युनियनची उघड भरती सुरू झाली. मे महिन्यातच बाजू निवडायला लावली असती, तर राज्य हातचं गेलं असतं.

पर्चेसवाला
९ जागांचा आकडा फसवा आहे. दक्षिणवाद्यांपैकी अनेकांनी त्या मतदानावर बहिष्कार टाकला होता. दहावी जागा हेन्री बर्नेटची, पश्चिमेकडच्या जॅक्सन पर्चेसमधली. कॉन्फेडरेट फौजेसाठी केंटकीची पोरं सीमेपलीकडे टेनेसीत कँप बूनला भरती होत होती. नोव्हेंबरात रसेलव्हिलला वेगळं सरकार स्थापन झालं आणि डिसेंबरात कॉन्फेडरसीने केंटकीला सामावूनही घेतलं.

युनियनचं खरं काम कॉन्फेडरेट जनरल लिओनिडास पोकने केलं. ३ सप्टेंबरला त्याच्या हुकमावरून फौज कोलंबसला घुसली. जागा मोक्याची होती, उंच कड्यावरून मिसिसिपीतली जहाजं तोफेच्या माऱ्यात येतात. पण तटस्थता मोडल्याचा ठपका दक्षिणेवर आला. युनियनच्या जनरल ग्रँटने ६ तारखेला पडुका घेतलं, जिथे टेनेसी नदी ओहायोला मिळते. विधिमंडळाने निघून जायला सांगितलं ते फक्त कॉन्फेडरेटांना, आणि मॅगॉफिनचा व्हेटोही फेटाळला. फेब्रुवारी १८६२ मध्ये ग्रँट याच टेनेसी नदीने कॉन्फेडरेटांच्या फोर्ट हेन्रीवर चालून गेला. पोकने आणखी महिनाभर कळ काढली असती तर?

हिशेबनीस
दोघेही मुळाला हात घालत नाही आहात. १८६० च्या जनगणनेत केंटकीत २,२५,४८३ गुलाम होते. नदीपलीकडे ओहायो, इंडियाना, इलिनॉय ही मुक्त राज्यं. युनियन सोडली की पळून गेलेल्या गुलामाला परत आणण्याचा संघीय कायदा संपला आणि ओहायो नदी परक्या देशाची हद्द झाली. युनियनवादी मालक उघड सांगत होते की गुलामगिरी युनियनमध्येच सुरक्षित आहे.

१८६२ मध्ये कॉन्फेडरेट जनरल ब्रॅगची फौज केंटकीत शिरली, नव्या भरतीसाठी हजारो जादा बंदुका गाड्यांत लादून. हात पुढे आले ते मोजकेच. मनाने आमच्याकडे, पण घरदार-कुरणं सोडवत नाहीत, अशी दुसरा कॉन्फेडरेट जनरल कर्बी स्मिथची तक्रार होती. रिचर्ड हॉजला ४ ऑक्टोबरला राजधानी फ्रँकफर्टमध्ये कॉन्फेडरेट गव्हर्नर म्हणून बसवलं आणि त्याच दिवशी त्याला पळ काढावा लागला. आता उलट बाजू. १८६४ मध्ये काळ्यांची सैन्यभरती सुरू होताच हेच 'निष्ठावंत' भडकले. नोव्हेंबरात राज्याने लिंकनला नाकारून त्याचा प्रतिस्पर्धी मॅक्लेलनला मतं दिली, फेब्रुवारी १८६५ मध्ये गुलामगिरी संपवणारी तेरावी घटनादुरुस्ती फेटाळली. तिला मान्यता दिली थेट १९७६ मध्ये!

कँप_नेल्सन
हिशेबनीस यांच्याशी सहमत, पण या धाग्यात 'केंटकी' म्हणजे अजूनही फक्त गोरे मतदार, आणि ते खटकतं. लिंकनचा गुलाम-मुक्तीचा जाहीरनामा केंटकीला लागूच नव्हता. गुलाम पुरुषाला सुटकेची कायदेशीर वाट सैन्यातून होती, आणि सुमारे २४,००० जणांनी ती धरली. बायकामुलं मात्र मालकाचीच राहत, म्हणून ती मागोमाग छावणीत येत.

नोव्हेंबर १८६४ मध्ये केंटकीतल्या कँप नेल्सन या छावणीच्या युनियन अधिकाऱ्यानेच अशा सुमारे ४०० जणांना कडाक्याच्या थंडीत हाकललं आणि झोपड्या पाडल्या. १०२ जण दगावले. बोभाटा झाला तेव्हा हुकूम मागे घेतला, आणि ३ मार्च १८६५ च्या कायद्याने सैनिकांच्या बायकामुलांना मुक्ती मिळाली.

पर्चेसवाला
हा मुद्दा मान्य. केंटकीच्या युनियन सैनिकांत दर चौथा माणूस काळा होता, हे धरलं तर १८६१ च्या मतांवरून राज्याची निष्ठा ठरवताच येत नाही. पोकबद्दल मात्र मत बदलणार नाही.