शब्दचर्चा: भयकथा, गूढकथा आणि ‘बाहेरचं’

प्रश्न
दिवाळी अंकासाठी एक कथा पाठवली होती. मी वर ‘भयकथा’ असं लिहिलं होतं, संपादकांनी ते बदलून ‘गूढकथा’ केलं. कथेत वाडा आहे, विहीर आहे, पण भूत कुठेच दिसत नाही. या दोन शब्दांत खरंच फरक आहे का? आणि मग ‘भूतकथा’ कशाला म्हणायचं?

प्रतिसाद
फरक आहे, आणि लिहिणाऱ्याच्या तो रोजच्या कामाचा आहे. ‘भूतकथा’ हा शब्द गोष्टीत कोण आहे ते सांगतो. ‘भयकथा’ वाचकाचं काय व्हायला हवं ते सांगतो. ‘गूढकथा’ मात्र काहीतरी झाकलेलं आहे, एवढंच सांगते. ‘गूढ’ आला ‘गुह्’ म्हणजे लपवणे या संस्कृत धातूवरून. ‘गुहा’ आणि ‘गुह्य’ त्याचीच भावंडं. झाकलेलं रहस्यकथेतही असतं, पण तिथे शेवटी उलगडा व्हावाच लागतो. गूढकथेवर ते बंधन नाही.

रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०) यांच्या कथा गूढकथा म्हणूनच ओळखल्या जातात. त्यांच्या कितीतरी कथांत भीती घरातल्या नात्यांतून, माणसाच्या मनातून वर येते. नारायण धारप (१९२५-२००८) म्हटलं की मात्र वाचक चटकन ‘भयकथा’ म्हणतो. धारपांकडे अमानवी शक्ती बहुधा खरोखरच असते, आणि तिच्यासमोर उभा राहायला त्यांच्याच कथांतल्या ‘समर्थ’ या पात्रासारखा जाणकार लागतो. तुमच्या विहिरीत काय आहे हे शेवटपर्यंत कळत नसेल, तर संपादकांनी योग्य तोच शब्द घातला.

पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती नावांची गोष्ट. आपल्याकडे नुसतं ‘भूत’ म्हणून भागत नाही. ‘मुंजा’ म्हटलं की मुंज झालेला, सोडमुंजीआधीच, म्हणजे ब्रह्मचर्य सुटण्याआधीच गेलेला मुलगा आणि त्याचा पिंपळ आलाच. ‘अलवंतीण’ म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. ‘समंध’ हा ‘संबंध’चाच बदललेला उच्चार, मागे राहिलेल्या कशाशी तरी ज्याचा संबंध सुटला नाही तो. ‘जखीण’ यक्षिणीवरून आली. ‘चकवा’ तर दिसतसुद्धा नाही, फिरवून फिरवून माणसाला त्याच जागी आणून सोडतो. प्रत्येक नावात अर्धी गोष्ट आधीच सांगून झालेली आहे. लेखकाने दुसऱ्याच पानावर ‘मुंजा’ लिहिलं की वय, झाड, राहिलेली इच्छा, सगळं वाचकाच्या हाती येतं आणि भीती ओसरते. ओळख पटली की माणूस कमी भितो.

खरोखर घाबरलेली माणसं नाव घेतच नाहीत. गावात म्हणतात, ‘तिला बाहेरचं झालंय.’ रात्री सापाला ‘जनावर’ किंवा ‘लांबडं’ म्हणतात, त्यातला संकोच हाच. ‘बाहेरचं’ या शब्दाचं नपुंसकलिंग फार मोलाचं आहे: बाई की पुरुष, एक की अनेक, काहीच ठरत नाही. आता ही दोन वाक्यं शेजारी ठेवून वाचा:

‘त्या विहिरीत हडळ आहे.’
‘दुपारचं त्या विहिरीवर जात जाऊ नको. तिथलं चांगलं नाही.’

पहिल्या वाक्यात माहिती आहे. दुसऱ्यात बोलणारी बाई दिसते, तिचा उतरलेला आवाज ऐकू येतो, आणि भर दुपारीसुद्धा तिथे जायची सोय उरत नाही. मी लिहिलं तर दुसरंच लिहीन, आणि हडळ हा शब्द जमल्यास कथेत येऊच देणार नाही.

क्रियापदांचीही हीच ताकद. देवी ‘अंगात येते’, भूत ‘झपाटतं’, चकवा ‘लागतो’. सासू सुनेबद्दल ‘तिच्या अंगात येतं’ म्हणते आणि शेजारीण ‘लागीर झालंय’ म्हणते. दोघींची दोन क्रियापदं, आणि वाचक मधे लटकतो. वेगळं काही समजावायची गरज राहत नाही.

प्रश्न
हे पटलं, आभार. पण पात्राच्या घाबरण्याचं काय? ‘तो भयंकर घाबरला’ हे किती वेळा लिहायचं?

प्रतिसाद
एकदाही नको. भरताच्या नाट्यशास्त्रात ‘भयानक’ हा आठ रसांपैकी एक, भय हा त्याचा स्थायीभाव, म्हणजे मुळाशी असलेली भावना. आज आपण ‘भयानक भूक लागलीय’ आणि ‘चहा भयंकर गोड झालाय’ असं बोलतो. भयकथेपुरते तरी हे दोन्ही शब्द झिजले. जाता जाता: रक्तामांसाची पानभर वर्णनं भयानक म्हणून खपवली जातात, ती असतात बीभत्स. त्यांचा स्थायीभाव जुगुप्सा, म्हणजे किळस. वाचक तोंड फिरवतो, भीत नाही.

शब्द निवडताना भीती कुठून आली ते पाहा. ‘दचकणे’ आवाजाने, स्पर्शाने, क्षणात संपतं. ‘चरकणे’ आतून, एखादा विचार चमकून गेल्याने. ‘दारातल्या चपला मोजून तो चरकला.’ आवाज नाही, सावली नाही, तरी काम झालं. ‘धास्ती’ घडण्याआधीची, ‘धसका’ घडून गेल्यावर उरणारा. धसक्याने माणूस अंथरूण धरतो. ‘पाचावर धारण बसली’, ‘गाळण उडाली’, ‘तंतरली’ हे आता हसण्याकडे झुकलेत, कथेच्या ऐन टोकावर ते आले की सगळं पाणी. ‘दातखीळ बसली’ मात्र अजून चालतं, कारण त्यात मिटलेला जबडा डोळ्यांना दिसतो.

आणखी एक प्रतिसाद
लेखनाबद्दल थोडं. तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द ‘पिशाच’ आहे, ‘पिशाच्च’ बोलण्यातून रुळलं आणि छापतातही. निवेदनात ‘पिशाच’ आणि म्हाताऱ्या पात्राच्या तोंडी ‘पिशाच्च’ असं ठेवलं तर दोन्ही शोभतं. ‘मुंजा’ आणि ‘मुंज्या’ हेही दोन्ही चालतात. २०२४ च्या हिंदी चित्रपटामुळे दुसरं रूप महाराष्ट्राबाहेरही पोचलं. एका कथेत मात्र एकच रूप ठेवा.