उलटतपासणी संपून आठ महिने झाले, आता म्हणे "साक्षीदाराला परत बोलवा". तकरार (म्हणजे लेखी हरकत) घालायची का सोडून द्यायचं?

शहापूरकर:
आमचा वाटणीचा दावा बेळगाव कोर्टात आहे. आई वादी, मामा प्रतिवादी. आईची उलटतपासणी दोन तारखांत पूर्ण झाली, मामाचीही साक्ष झाली, दावा आर्ग्युमेंटला लागला आणि आता मामाने वकील बदलला. नव्या वकिलांनी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर १८ रूल १७ खाली आईला परत साक्षीला बोलवायचा अर्ज टाकलाय, कारण काय तर तोंडी वाटणी आधीच झालीय हे मामाचं म्हणणं, आणि आधीच्या वकिलांकडून त्याबद्दल विचारायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे? दोन्ही तारखांना आई खानापूरकडच्या गावातून सकाळच्या बसने आली, दुसऱ्या वेळी साडेचारला पुकारा झाला, पिंजऱ्याचं लाकूड दोन्ही हातांनी धरून उभी होती, डब्यातली भाकरी तशीच परत गेली. माझं मत सरळ आहे, कडक तकरार घालायची. वकील बदलला की साक्ष नव्याने सुरू, असं चाललं तर दावे संपणार कधी?

निपाणीवाला:
तापू नका हो. तुमचे वकील २०११ चा वेलुसामी विरुद्ध पलानीसामीचा निकाल दाखवतील, की रूल १७ साक्षीतली भोकं बुजवायला नाही. खरं आहे. पण त्याच निकालात सुप्रीम कोर्टाने कलम १५१ खाली, म्हणजे कोर्टाच्या अंगभूत अधिकारात, पुरावा परत उघडता येतो असंही म्हटलंय आणि तो अर्ज खालच्या कोर्टाकडे फेरविचाराला पाठवलाय. दुसरं म्हणजे तुम्ही जिंकलात, अर्ज फेटाळला, की समोरचा हायकोर्टाच्या धारवाड बेंचला रिट घेऊन जातो, तिथं स्टे (स्थगिती) मिळाला की बसा. त्यापेक्षा कॉस्ट, म्हणजे त्यांच्याकडून खर्च, मागा, एक तारीख, चार प्रश्न, विषय संपवा. हट्टापायी वर्ष घालवू नका.

शहापूरकर:
म्हणजे धारवाडच्या भीतीने चूक त्याची आणि हेलपाटा माझ्या आईला? आणि चार प्रश्नांनी होणार काय? सुप्रीम कोर्टाच्या विनीता शर्मा निकालात (२०२०) सांगितलंय की तोंडी वाटणी सहसा मानायची नाही, सरकारी कागदांचा आधार असला तरच, तेही अपवाद म्हणून. वाटणी झालीच असेल तर उताऱ्याला, म्युटेशनला (फेरफार नोंदीला) दिसू दे की. आईला दहा वेळा विचारून ती उताऱ्यावर उमटणार आहे का?

हिंडलग्याचा:
मी मात्र उलट बाजूने बोलणार. आमच्या वडिलांच्या केसमध्ये ते मराठीत म्हणाले "कसणं भाऊच करतो", आणि कन्नडात टाईप झालं की जमीन भावाच्या स्वाधीन आहे. कन्नडात स्वाधीन म्हणजे ताबा! वडिलांना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही, सही करून आले. आम्हाला कळलं सर्टिफाईड कॉपी काढल्यावर. तेव्हा आम्हीच परत बोलवायचा अर्ज केला होता, आणि समोरच्यांनी तुमच्यासारखीच "कडक तकरार" घातली. सीमाभागात दार एकदम बंद करा म्हणणाऱ्यांनी जरा विचार करावा.

शहापूरकर:
तुमचं दुखणं खरं आहे, मान्य. पण ते टाईप चुकल्याचं, इथं वकील विसरल्याचं. दोन्हीला एकच औषध कसं?

रोजचा कोर्टातला:
वीस वर्षं वकिलाकडे कारकुनी केलीय म्हणून सांगतो. हिंडलग्याच्या साहेबांच्या प्रश्नाला ऑर्डर १८ रूल ६ आहे, साक्षीदाराला न कळणाऱ्या भाषेत जबानी लिहिली तर त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगायला पाहिजे. तिथंच उभं राहून "साहेब, मराठीत सांगा" म्हणायचं, सहीची घाई करायची नाही. गर्दीत कुणी म्हणत नाही हे वेगळं. आणि रूल १७ मुळात जज्जसाहेबांना शंका आली तर त्यांनी प्रश्न विचारायसाठी आहे. शहापूरकर, तकरारीत आईची भाकरी घालू नका, हसतील. आधी अर्जात बघा, नेमके कुठले प्रश्न विचारायचेत ते लिहिलंय का. नसेल तर तिथंच धरा. आणि आईची उलटतपासणी ओळ न् ओळ वाचा, जुने वकील एवढे खुळे नसतात, शेवटी सजेशन, म्हणजे "असं असं झालंय" म्हणून आपली बाजू साक्षीदारापुढं मांडणारा प्रश्न, घातलेलं असतंय.

शहापूरकर:
वाचली. पान ६, खालून तिसरी ओळ. तोंडी वाटणी झालीय "एंदरे सरियल्ल" (म्हटलं तर बरोबर नाही). म्हणजे विचारलंय! आई नाही म्हणालीय! आणि अर्जात "विचारायचं राहिलं" असं लिहून खाली मामाची सही.

निपाणीवाला:
मग बोलणंच खुंटलं, हा मुद्दा पहिल्या पॅऱ्यात घाला. धारवाडचं मी म्हटलं ते तरी लक्षात ठेवा.

हिंडलग्याचा:
आमचा अर्ज मंजूर झाला होता, सांगायचं राहिलं. कॉस्ट भरून.

शहापूरकर:
बरं झालं. आमची तारीख पुढच्या आठवड्यात आहे. आईला सांगितलं, फक्त वकील बोलणार, तू यायची गरज नाही. तर विचारालीय, सकाळची बस किती वाजता आहे बघ.