प्रायोगिक बसलेन: हरकती-सूचना आधी घ्यायच्या की लेन सुरू झाल्यावर?

पिवळा दिवा (धागाकर्ता)

एखाद्या रस्त्यावर प्रायोगिक तत्त्वावर बसलेन करायचं ठरलं की हरकती-सूचना मागवल्या जातात, आणि प्रकरण तिथेच अडकतं. चर्चेसाठी एक नमुना घेऊ. दुभाजक असलेला रस्ता, प्रत्येक दिशेला दोन पदर, लांबी चार किलोमीटर. कडेचा पदर सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ८ फक्त बससाठी. मुदत सहा महिने.

माझ्या मते ‘लेन हवी की नको’ हे आधी विचारण्यात काही हशील नाही. कागदावर प्रत्येकाला फक्त आपला गेलेला पदर दिसतो. आधी विचारायचं ते माल कुठे, किती वाजता उतरतो, रुग्णवाहिका कुठून बाहेर पडते, कुठल्या थांब्यावर चढ-उतार जास्त आहे, असलं. मत विचारायचं ते लेन चालू असताना. ब्रिटनमध्ये प्रायोगिक वाहतूक आदेशाची रचनाच तशी आहे. आदेश जास्तीत जास्त १८ महिने टिकतो, पहिले सहा महिने हरकती घेतल्या जातात, आणि मध्येच आदेशात बदल केला तर त्या तारखेपासून पुन्हा सहा महिने मिळतात. स्टॉकहोमने २००६ मध्ये गर्दीशुल्काचं (गर्दीच्या वेळी शहरात येणाऱ्या मोटारींवरच्या शुल्काचं) हेच केलं: जानेवारी ते जुलै चाचणी, सप्टेंबरमध्ये सार्वमत. आधी विरोध जास्त होता, चाचणीनंतर शहरात बहुमत बाजूने गेलं.

उलट तपासणी

असहमत. स्टॉकहोमची अर्धीच गोष्ट सांगितलीत. भोवतालच्या ज्या नगरपालिकांनी स्वतःचं मतदान घेतलं, तिथे एकूण कौल विरोधात गेला. म्हणजे कधी विचारलं याइतकंच कोणाला विचारलं यावर उत्तर ठरतं. तुमच्या चार किलोमीटरवर राहणारे वेगळे, तिथून रोज जाणारे वेगळे.

दुसरं, ब्रिटनचंच उदाहरण घ्यायचं तर १९८५ च्या गनिंग खटल्यातल्या कसोट्याही घ्या. प्रस्ताव अजून घडत असताना विचारा, मत देता येईल इतकी कारणं द्या, पुरेसा वेळ द्या आणि आलेली मतं खरोखर विचारात घ्या. रस्त्यावर रंग पडल्यावर प्रस्ताव ‘घडत’ असतो का? खर्च झालेला असतो, उद्घाटनाचे फोटो निघालेले असतात. ‘प्रायोगिक’ हा मागचा दरवाजा आहे असं लोकांना वाटतं ते उगीच नाही. लेन फसली असं कधी म्हणायचं, हे आधी लिहून दिलेलं मी तरी क्वचितच पाहतो.

पिवळा दिवा

निकष आधी जाहीर करावेत, हे शंभर टक्के मान्य. पण मग हरकती निकषांवर घ्या, लेनवर नको. कोणते निकष ते बोलू.

चक्र ८० सेकंद

निकषांआधी थोडं गणित, कारण ‘एक पदर गेला म्हणजे अर्धा रस्ता गेला’ हे गृहीतच चुकीचं आहे.

शहरातल्या रस्त्याची क्षमता सिग्नल ठरवतो, मधला रस्ता नाही. सलग हिरवा असेल तर एका पदरातून तासाला साधारण १८०० मोटारी सुटतात. सिग्नलच्या चक्रातला (एका हिरव्यापासून पुढच्या हिरव्यापर्यंतचा) ४० टक्के वेळ हिरवा धरा: ७२० मोटारी. मोटारीत सरासरी दीड माणूस धरला तर १०८०. बसमध्ये गर्दीच्या वेळी ४० माणसं धरली तर तेवढीच माणसं २७ बस नेतात, म्हणजे सव्वादोन मिनिटांना एक बस. ही बरोबरीची रेषा.

आता रिकाम्या लेनबद्दल. तासाला ६० बस, मिनिटाला एक, म्हणजे भरगच्च वाहतूक झाली. ताशी २० किमीने बस एका मिनिटात ३३३ मीटर जाते. म्हणजे बाजूच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला दोन बसमध्ये तीनशे मीटर मोकळं डांबर दिसणार, आणि त्याच पदरातून तासाला २४०० माणसं गेलेली असणार. हरकतींमध्ये ‘लेन रिकामी असते’ हे वाक्य हमखास येतं. ते खोटं नसतं, पण त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

शिवाय लेन थांबारेषेपर्यंत, म्हणजे सिग्नलला वाहनं थांबतात त्या रेषेपर्यंत, न्यायचीच नसते. ती अलीकडे तोडायची, म्हणजे हिरवा लागला की दोन्ही पदर भरून वाहनं सुटतात आणि क्षमता जवळजवळ तशीच राहते. किती अलीकडे? ८० सेकंदांच्या चक्रात ३२ सेकंद हिरवा. दोन सेकंदाला एक मोटार म्हणजे १६ मोटारी, प्रत्येकी सहा मीटर, म्हणजे ९६ मीटर. व्यवहारात हिरव्याच्या दर सेकंदाला दोन ते तीन मीटर धरतात. कमी ठेवलं तर हिरव्यात कडेचा पदर रिकामा पळतो आणि मागची रांग वाढते. जास्त ठेवलं तर बस रांगेत अडकते आणि एका हिरव्यात पार होत नाही. कडेला वळणाऱ्यांना पदर बदलायलाही हीच जागा लागते. त्या तुकड्यात थांबा आला की सगळं बिघडतं. थांबा चौक ओलांडून पुढे न्यावा, पण एका वेळी तिथे किती बस येतील ते मोजूनच, नाहीतर तिसऱ्या बसचं शेपूट चौकात राहतं.

प्रायोगिक लेन फसतात त्यातल्या बऱ्याच या एका आकड्यावर फसतात. नकाशात लेन सरळ थांबारेषेपर्यंत रंगवलेली दिसली तर पहिली हरकत तिच्यावर घ्या.

उलट तपासणी

गणित चोख आहे, गृहीतकं सोयीची आहेत. एक, दीड माणूस फक्त मोटारींचा. जिथे दुचाकी जास्त तिथे त्याच पदरातून ७२० पेक्षा बरीच जास्त वाहनं सुटतात आणि तुमची २७ ची रेषा वर सरकते. दोन, ४० प्रवासी एकाच दिशेला. सकाळी उलट दिशेची बस अर्धी रिकामी असते, तरी लेन दोन्हीकडे का? तीन, तासाला १२ बस असतील तर प्रस्ताव पहिल्याच पानावर संपतो. मग हरकती मागवणाऱ्या जाहिरातीसोबत दिशेनुसार, तासानुसार बसची संख्या आणि प्रवासीसंख्या का देत नाहीत?

चक्र ८० सेकंद

तिन्ही रास्त. एका दिशेला, एकाच वेळी लेन करणं हा पूर्ण वैध पर्याय आहे आणि तो प्रश्नावलीत असायला हवा. फक्त २७ ची रेषा लेन थांबारेषेपर्यंत नेली तर लागू होते. अलीकडे तोडली तर मोटारींचा तोटा तितका राहत नाही, त्यामुळे रेषा खालीही सरकते.

मागच्या दाराने चढा

दोन्ही बाजू लेनवरच भांडताहेत. चार किलोमीटरला ताशी १२ किमीने २० मिनिटं लागतात. वेग १६ वर गेला तर १५. वाचली पाच मिनिटं, तीही सगळं जमून आलं तर. त्याच अंतरात दहा थांबे, प्रत्येकी ४० सेकंद म्हणजे पावणेसात मिनिटांच्या आसपास बस नुसती उभी. एकाच दाराने वीस माणसं चढताना, माणशी तीन सेकंद धरले तर, एक मिनिट जातं. तिकीट आधी काढलेलं असू द्या, दोन्ही दारं वापरा, सिग्नलला बस दिसली की हिरवा आठ-दहा सेकंद लांबवा. पदर न घेता यातलं बरंच मिळतं. हे आधी करून बघा, मग लेन मागा. चाचणीच करायची तर याची करा.

पिवळा दिवा

हे लेनसोबत करा, लेनऐवजी नको. बसचा खरा आजार सरासरी वेग नसून अनियमितपणा आहे. बस दोन मिनिटं उशिरा आली की थांब्यावर माणसं साठतात, चढायला जास्त वेळ लागतो, ती आणखी मागे पडते. मागची बस रिकामी धावत येऊन तिला चिकटते. दर आठ मिनिटांना बस असेल तर थांब्यावर सरासरी चार मिनिटं थांबावं लागतं. त्याच बस आलटूनपालटून चार आणि बारा मिनिटांच्या अंतराने आल्या तर सरासरी पाच, कारण लांब फटीत जास्त माणसं सापडतात. बस तितक्याच, खर्च तितकाच. लेन पहिला उशीरच कमी करते.

म्हणून निकष सरासरी वेळेचा नको. बसच्या जीपीएसमधून गर्दीच्या तासांतल्या शंभर फेऱ्या काढा आणि सर्वांत रखडलेल्या दहांचा वेळ आधी किती, नंतर किती ते पाहा. प्रवासी घरून निघतो तो त्या दहांच्या भीतीने निघतो.

टेम्पो लाइन

कोणी मालाचं बोलेना म्हणून लिहितो. लेन मोडते ती उभ्या वाहनाने. एक टेम्पो कडेला लागला की बसला बाहेरच्या पदरात घुसायचं, फट शोधायची, पुढे जाऊन परत आत यायचं. किलोमीटरला असे तीन झाले की लेन असून नसल्यासारखी, उलट बाहेरच्या पदरालाही प्रत्येक वेळी ब्रेक.

‘११ ते ५ मध्ये माल उतरवा’ हे कागदावर ठीक. औषधं, नाशवंत माल, गॅस सिलिंडर यांच्या वेळा दुकानदार ठरवत नाही, पुरवठादार ठरवतो. त्याच्या फेरीतली वीस दुकानं सकाळच्या त्याच तीन तासांत असतात. गल्लीच्या तोंडाशी माल उतरवायची जागा आखून द्या. दोन लहान टेम्पो मावतील असा बारा-पंधरा मीटरचा पट्टा, दुकानापासून ५० मीटरच्या आत, आणि पदपथावर ट्रॉली चढेल असा उतार. उतार विसरला तर माणूस टेम्पो परत लेनमध्येच लावणार. आणि हे पट्टे लेनच्या आधी झाले पाहिजेत. नंतर करू म्हटलं की होत नाहीत.

उलट तपासणी

+१. आणि दंडाची अधिसूचना? कॅमेऱ्याने दंड करायची कायदेशीर सोय तयार नसताना लेन सुरू केली तर सहा महिने चाचणी पार्किंगची होते, बसची नव्हे. पहिले काही आठवडे नुसती इशारापत्रं, मग दंड, हे वेळापत्रक जाहिरातीत हवं.

लेन काढणं हीसुद्धा चाचणी असू शकते, हे विसरू नका. लिव्हरपूलने २०१३ मध्ये शहरातल्या बसलेन प्रायोगिक म्हणून स्थगित केल्या आणि नंतर बहुतेक कायमच्या रद्द केल्या. दिल्लीतला बससाठीचा ५.८ किमीचा पट्टा २००८ ला सुरू झाला आणि २०१६ पर्यंत उखडला गेला.

चक्र ८० सेकंद

दिल्लीचा पट्टा रस्त्याच्या मधोमध होता, थांबेही मधोमध. प्रवाशाला प्रत्येक वेळी वाहनं ओलांडून जावं लागे. कडेच्या, वेळेपुरत्या, रंगाच्या लेनशी त्याची तुलना करताना सांभाळून.

जास्त जुळणारं उदाहरण टोरोंटोचं. तिथे ट्राम होत्या, पण प्रश्न तोच. किंग स्ट्रीटवर नोव्हेंबर २०१७ ला वर्षभराची चाचणी सुरू झाली, मोटारींना बंदी न घालता पुढच्या चौकात वळायला लावलं. उपाहारगृहवाल्यांनी धंदा बसल्याची ओरड केली. पालिकेने चाचणी चालू असतानाच प्रवासवेळ आणि प्रवासीसंख्येचे आकडे ठरावीक काळाने प्रसिद्ध केले, दुकानांमधल्या खर्चाचेही आकडे मांडले, आणि एप्रिल २०१९ मध्ये योजना कायम झाली. आकडे आधीपासून येत होते म्हणून वाद निदान त्यांच्यावर झाला.

त्यासाठी ‘आधीची’ मोजणी हवी. रंग पडण्याआधी किमान चार आठवडे, शाळा चालू असताना. सोबत लेन नसलेला तसाच एक रस्ता मोजायचा, नाहीतर इंधन महागल्यामुळे कमी झालेल्या मोटारी लेनच्या खात्यात जमा होतात. सुरुवातीचे सहा-आठ आठवडे तुलनेत धरायचे नाहीत, लोक वाटा बदलत असतात. आणि गल्ल्या! मुख्य रस्त्यावरचे गायब झालेले मोटारवाले तिथेच सापडतात. वाहनं मोजायला रस्त्यावर आडवी टाकतात ती रबरी नळी मात्र सिग्नलजवळ टाकू नका. वाहनं तिच्यावर उभी राहिली की मोजणी चुकते.

कोरा रकाना

प्रश्नावलीबद्दल थोडं. ‘सक्षम सार्वजनिक वाहतूक हवी का?’ असा प्रश्न म्हणजे वेळेचा अपव्यय, सगळे हो म्हणतात. विचारा: या रस्त्याने कसे जाता, किती वाजता, कुठे चढता-उतरता, गेल्या महिन्यात काय बदललं. नुसता ऑनलाइन अर्ज ठेवला तर मोटारवाले आणि संघटित गट भरतात, बसमधला उभा प्रवासी भरत नाही. बसमध्ये आणि थांब्यावर छापील अर्ज, तेही संध्याकाळच्या फेरीत. उत्तरं रहिवासी, बसप्रवासी, दुकानदार, नुसते ये-जा करणारे अशी वेगवेगळी मांडा. एकाच मजकुराच्या ४०० प्रती आल्या तर तो एक मुद्दा समजा.

टेम्पो लाइन

कसा काय एक? सही करणारी माणसं ४०० आहेत. सगळ्यांना स्वतःच्या भाषेत निबंध लिहिता येत नाही.

कोरा रकाना

माणसं ४०० मोजा, मुद्दा एक मोजा, दोन्ही आकडे छापा. हरकतींवर मतदान घ्यायचं नसतं. एकट्या माणसाने लिहिलेलं ‘या वळणावर व्हीलचेअर थांब्यापर्यंत पोचत नाही’ हे वाक्य ४०० सह्यांपेक्षा आराखडा जास्त बदलू शकतं. प्रत्येक मुद्द्यासमोर मान्य किंवा अमान्य, आणि कारण. तो रकाना कोरा सोडलेला अहवाल कचऱ्यात टाकायच्या लायकीचा.

दोन चाकं

सायकलींचं कोणी विचारणार आहे का? बस आरशांशिवाय अडीच मीटर रुंद. साडेतीन मीटरच्या लेनमध्ये ती सायकलला सुरक्षित ओलांडू शकत नाही, पण ओलांडता येईल असं चालकाला वाटतं. तीन मीटर ठेवा म्हणजे तो प्रयत्नच करणार नाही, किंवा साडेचार द्या. मधलं माप सगळ्यात वाईट.

पिवळा दिवा

साडेचार मिळणार नाही, तीनवर बोलता येईल. ‘उलट तपासणी’, तुमचा मूळ मुद्दा लेन फसली तर परत फिरता येण्याचा होता. चाचणीसाठी थर्माप्लास्टिक (रस्त्यावर वितळवून लावतात तो पट्ट्यांचा रंग) वापरायचंच नाही. ते खरवडून काढलं तरी डांबरावर चरा राहतो, आणि ओल्या रस्त्यावर रात्री जुनी रेष नव्या रेषेइतकीच चमकते. वाहनं दोन रेषांमध्ये गोंधळतात. काढता येणारी पट्टी आणि बोल्टने बसवलेले लवचिक खांब वापरायचे. पट्टी वर्दळीत लवकर उखडते, म्हणून दर महिन्याला दुरुस्ती धरायची. काढून टाकायचा आणि बोल्टची भोकं बुजवायचा खर्च त्याच निविदेत, स्वतंत्र बाब म्हणून. लेन कायम झाली तर ती रक्कम वापरायची नाही.

उलट तपासणी

ही बाब निविदेत आणि रखडलेल्या दहा फेऱ्यांचा निकष जाहिरातीत छापून आला, तर मागच्या दरवाजाची माझी हरकत मागे. दोन्ही दिशांना लेन का, ही कायम.